गिलाव्याआडचे काम आणि त्याचा दर

मुळशी तालुक्याचे नाव विजेच्या इतिहासात फार लवकर नोंदले गेले, आणि ते मोठ्या दुःखाने नोंदले गेले. मुळा नदीवर धरण बांधावयाचे, साठलेले पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात भिरा येथे उतरवावयाचे आणि त्या उतरणीच्या बळावर निर्माण होणारी वीज मुंबईस पुरवावयाची, अशी टाटा कंपनीची योजना पुढे आली, तेव्हा ज्यांची भातखाचरे, देवळे आणि राहती घरे त्या पाण्याखाली जाणार होती त्या मावळी शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह पुकारला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याची धुरा वाहिली. आणि तो लढा मोडला गेल्यानंतर १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीस किंमत बांधून दिली होती, परंतु जी वस्तू आपणांस विकावयाचीच नाही तिची किंमत ठरविण्याचा अधिकार दुसऱ्यास कसा पोहोचतो, हा त्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांना कोणी दिले नाही. प्रस्तुत प्रकरणात ज्या तंट्यांचा विचार करावयाचा आहे ते त्या मानाने अगदी लहान, घरगुती, बहुधा काही हजार रुपयांच्या आतबाहेरचे आहेत. तथापि विजेच्या कामाची किंमत कोणी, कोणत्या मापाने आणि केव्हा ठरवावी, हा प्रश्न त्याच तालुक्यात आज वस्तीवस्तीतून उभा राहतो.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने पश्चिमेस निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुट या गावांभोवती गेल्या दोन-तीन दशकांत बंगल्यांच्या वसाहती पसरलेल्या दिसतात. पौडाच्या पलीकडे शेतघरे लागतात. आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी, माण, मारुंजी या भागात माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांमागून बहुमजली इमारती आल्या आहेत. यांतील पुष्कळ घरमालक पुण्यास किंवा मुंबईस राहतात, रविवारी जागेवर येतात, उरलेले सहा दिवस दूरध्वनीवरून हुकूम देतात, आणि काम संपताना हातात पडलेले बिल पाहून त्यांना धक्का बसतो. कंत्राटदाराला तितकाच धक्का त्यांच्या धक्क्याचा बसतो, कारण त्याच्या मते त्याने सांगितले तेच आणि तेवढेच केलेले असते. अशा प्रसंगी एक पक्ष दुसऱ्यास लुच्चा म्हणतो आणि दुसरा पहिल्यास कंजूष म्हणतो. लबाडी करणारे दोन्हीकडे आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु या कज्ज्यांकडे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की त्यांतील बहुतेकांचे मूळ दरात नाही. दर आधी ठरलेला असतो, बहुधा घासाघीस करून ठरलेला असतो. ठरलेले नसते ते माप.

घरातील विजेच्या कामाचा मक्ता देण्याच्या तीन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक उक्ती, म्हणजे सगळ्या घराचे मिळून इतके रुपये. दुसरी बांधकामाच्या क्षेत्रफळावर, चौरस फुटास इतके. आणि तिसरी, जी सर्वांत अधिक चालते ती, पॉइंटप्रमाणे. यांतील प्रत्येक रीतीत पुन्हा नुसत्या मजुरीचा दर वेगळा आणि मालासकट दर वेगळा. उक्त्या कामात घरमालक निर्धास्त असतो, पण कंत्राटदार तारेत व पायपात काटकसर करण्याच्या मोहात सापडतो. क्षेत्रफळाच्या दरात भिंतींच्या आत किती काम आहे याचा काहीच हिशेब राहत नाही, कारण दोनशे चौरस फुटांचे स्वयंपाकघर आणि दोनशे चौरस फुटांचा व्हरांडा यांत तारेचे अंतर जमीन-अस्मानाचे असते. म्हणून पॉइंटची रीत सर्वांना न्याय्य वाटते. आणि नेमका याच रीतीत सर्वांत अधिक तंटा होतो, कारण पॉइंट म्हणजे काय, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते आणि दोघांनी वेगवेगळे गृहीत धरलेले असते.

सरकारी कामात ही संदिग्धता फार पूर्वीच दूर केलेली आहे. भारतीय मानक संस्थेने १९७० साली इमारतींतील विद्युत कामाच्या मोजमापाची पद्धत सांगणारे आयएस ५९०८ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत कामांच्या विनिर्देशांत पॉइंटची व्याख्या तपशीलवार दिलेली आहे. तिचे सार असे की दिव्याचा किंवा पंख्याचा पॉइंट म्हणजे नियंत्रण करणाऱ्या बटणापासून दिव्याच्या जागेपर्यंतचे सर्व काम: तार, पाइप, बटण, त्या बटणाच्या पेटीचा भाग, छताकडचे टोक आणि सोबत धावणारी अर्थिंगची तार, मात्र दिवा आणि पंखा स्वतः त्यात धरावयाचे नाहीत. वितरण पेटीपासून, जिला कामावर सगळे डीबी म्हणतात, पहिल्या बोर्डापर्यंत येणारी सर्किटची तार पॉइंटमध्ये येत नाही. ती लांबीने मोजावयाची असते. मीटरपासून डीबीपर्यंतची मेन वायरही तशीच. खाजगी घरकामात ही व्याख्या लागू करण्याची सक्ती कोणावर नाही; पण ती उपलब्ध आहे, कोणालाही वापरता येते, आणि करारात एका ओळीत तिचा उल्लेख केला तर अर्धे भांडण जन्मास येणार नाही. एवढी सोपी गोष्ट इतक्या थोड्या घरमालकांना माहीत असावी याचे मला वाईट वाटते.

आता एक हिशेब करून पाहू. तो कल्पित आहे, परंतु त्यातील प्रत्येक बाब कोणत्याही चालू कामावर आढळेल. समजा, भुकूम येथे एक तीन शयनगृहांचा बंगला आहे. त्यात चौतीस दिवे, सहा पंखे, बोर्डावर बसविलेले बारा साधे प्लग, गिझर-फ्रिज-वातानुकूलन यंत्र यांच्यासाठी आठ पॉवर पॉइंट, आणि जिन्यात दोन ठिकाणी असे दिवे की जे खालून व वरून दोन्हीकडून चालू-बंद करता यावेत. दर ठरला आहे मालासकट एका पॉइंटला एक हजार रुपये. घरमालक नकाशा पुढे घेऊन मोजतो: दिवे चौतीस, पंखे सहा, पॉवर पॉइंट आठ, एकूण अठ्ठेचाळीस. बोर्डावरचा प्लग त्याने धरलेला नाही, कारण तो त्याच्या दृष्टीने बोर्डाचाच भाग; जिन्यातील दिवा त्याने एक म्हणून धरला, कारण दिवा एकच. कंत्राटदार आपल्या धंद्याच्या वहिवाटीने मोजतो: दिवे आणि पंखे मिळून चाळीस, बारा प्लग अर्ध्या पॉइंटाने, म्हणजे सहा, आठ पॉवर पॉइंट, जाड तारेचे आणि डीबीपासून स्वतंत्र ओढलेले, म्हणून दुप्पट, म्हणजे सोळा, जिन्यातील दुहेरी बटणांचे दोन जादा, एकूण चौसष्ट. अठ्ठेचाळीस हजार आणि चौसष्ट हजार! घर तेच, काम तेच, दरही तोच; सोळा हजारांचा फरक केवळ मोजण्याच्या दोन रीतींतून उत्पन्न झाला. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही. आणि मेन वायर, डीबी, त्यातील एमसीबी, अर्थिंगचे खड्डे, इन्व्हर्टरची वेगळी वायरिंग, टीव्ही आणि इंटरनेटच्या केबलींचे पाइप यांचा विषय अजून निघालेलाच नाही; तो बहुधा सर्वांत शेवटी, आवाज चढल्यावर निघतो.

पॉवर पॉइंटला दुप्पट धरणे गैर आहे काय? माझ्या मते नाही. दिव्याला एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते; पॉवर प्लगला अडीचची लागते, गिझर व वातानुकूलन यंत्राला पुष्कळदा चारची, आणि ती डीबीपासून अखंड आणावी लागते. तांब्याचे वजन त्या प्रमाणात वाढते. परंतु हे न्याय्य असले तरी ते आधी सांगितले पाहिजे. काम झाल्यावर सांगितलेला न्यायही समोरच्यास अन्यायच वाटतो, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही.

दुसरे कारण या कामाच्या स्वभावातच आहे. गवंड्याची भिंत दिसते, सुताराची चौकट दिसते, फरशीचे माप केव्हाही फिरून घेता येते. वीजकाम मात्र दिसेनासे व्हावे म्हणूनच केले जाते. स्लॅबची सळई बांधून झाली की काँक्रीट पडण्यापूर्वी तिच्यातून पाइप टाकावे लागतात. भिंती उभ्या राहिल्यावर त्यांना झिरी मारून पाइप व पेट्या बसवाव्या लागतात. त्यावर गिलावा चढतो. आणि मग काही महिन्यांनी त्या पाइपांतून स्प्रिंग घालून वायर ओढल्या जातात. गिलाव्यानंतर कोणता पाइप कोठून कोठे गेला, हे त्या वायरमनच्या स्मरणाखेरीज कोठेही उरत नाही. अशा कामात मधेच होणारे फेरफार सर्वांत घातक. एखाद्या रविवारी घरातील मंडळी जागेवर येतात. गृहिणीला ओट्याच्या दिव्याचे बटण डावीकडे हवे असते, मुलाला अभ्यासाच्या टेबलाजवळ दोन प्लग अधिक हवे असतात, वडिलांना पलंगाजवळ पंख्याचे बटण. वायरमन खडूने भिंतीवर खुणा करतो आणि मान डोलावतो. सोमवारी झिरी मारली जाते, मंगळवारी जुनी झिरी बुजविली जाते, शनिवारी गिलावा होतो आणि खडूच्या खुणांबरोबर पुरावाही जातो. तीन महिन्यांनी बिलात ‘जादा काम’ असे दोन शब्द आणि एक आकडा येतो. तो आकडा खरा आहे की खोटा, हे भिंत फोडल्यावाचून सांगता येणार नाही.

मुळशीच्या भूगोलाचाही या तंट्यांत वाटा आहे, आणि तो पुण्याच्या पेठेत बसून दर सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ताम्हिणीकडील भागात महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत गणना व्हावी इतका पाऊस पडतो. हिंजवडीकडे येईपर्यंत तो पुष्कळ ओसरतो, पण धरणाच्या आसपासच्या गावांत जून ते सप्टेंबर बांधकामाची गती मंद होते. त्यामुळे पाइप उन्हाळ्यात पडतात आणि वायर दिवाळीनंतर ओढल्या जातात. या मधल्या काळात तांब्याचा भाव बदलतो. आपल्या देशात तांब्याच्या खनिजाची निपज गरजेच्या मानाने अल्प असल्याने येथील भाव लंडनच्या धातुबाजाराच्या भावामागे जातो, आणि वायरचे कारखाने त्याप्रमाणे आपले दरपत्रक वरचेवर बदलतात. एप्रिलमध्ये मालासकट ठरलेला दर नोव्हेंबरात कंत्राटदारास तोट्यात घालू शकतो. मग तो वाढ मागतो, आणि घरमालक कबुलीकडे बोट दाखवितो. कायद्याच्या दृष्टीने घरमालकाचे म्हणणे बरोबर आहे. ठरलेला दर एकतर्फी वाढविता येत नाही. परंतु असा तोट्यात गेलेला मनुष्य हलकी तार वापरण्याचा संभव वाढतो आणि ती तार घरमालकाच्याच भिंतीत राहते. म्हणून वायरची किंमत खरेदीच्या दिवसाच्या पावतीप्रमाणे आणि मजुरी मात्र पक्की, अशी विभागणी आधीच करून ठेवणे, निदान दोन हंगामांवर पसरणाऱ्या कामात, मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अर्थिंगचे तसेच. हा सगळा मुलूख बेसॉल्टच्या कातळाचा. मातीचा थर जाड असलेल्या सखल शेतात अर्थिंगचा खड्डा पुरुषभर किंवा अधिक खोल सहज जातो. डोंगरउतारावरच्या प्लॉटवर हातभर मुरूम लागतो आणि खाली काळा पाषाण. तेथे ब्रेकर आणावा लागतो, किंवा बोअर घेऊन त्यात इलेक्ट्रोड उतरवावा लागतो, आणि दोन खड्ड्यांचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे जातो. कातळाचा रोध अधिक असल्याने खड्डा नुसता खणून भागत नाही. मापकाने रोध मोजून तो पुरेसा कमी आला आहे याची खात्री करावी लागते. या खर्चावर घरमालक कुरकुरतो, कारण अर्थिंग डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यावाचून दिवे लागतात. त्याने येथे काटकसर करू नये, असे मी कळकळीने सांगतो. वळवाच्या दिवसांत या डोंगरांवर विजा कोसळतात, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि ओल्या भिंतीत उतरलेला प्रवाह माणसाच्या अंगातून वाट काढण्यापूर्वी जमिनीत जावा, याची सोय या खड्ड्यानेच होते. त्याच्या जोडीला तीस मिलिअँपियरच्या गळतीला तुटणारे आरसीसीबी असावे. या दोन बाबी घासाघिशीच्या कक्षेबाहेर ठेवाव्यात.

मालासंबंधी तक्रारी वेगळ्या प्रकारच्या असतात. वायरचे बंडल बहुधा नव्वद मीटरचे येते. त्याच्या खोक्यावर छापलेली किंमत आणि दुकानदार कंत्राटदारास ज्या भावाने ते देतो तो भाव, यांत बरेच अंतर असते. बिल छापील किमतीने लावले आणि सूट कंत्राटदाराने ठेवली, तर ती लबाडी की धंद्याचा नफा? उत्तर करारावर अवलंबून आहे. मालासकट दर असेल तर स्वस्तात खरेदी करणे हे त्याचे कसब आणि त्यावरील लाभ त्याचा. पण माल घरमालकाच्या खर्चाने व कंत्राटदाराच्या हाताने आणावयाचा असे ठरले असेल, तर सूट घरमालकाची आणि मूळ पावतीही घरमालकाची. जुन्या घराची वायरिंग बदलताना निघालेले तांबे आणि नव्या कामातील उरलेले तुकडे यांवरूनही मने दुखावतात. जुनी वायर घरमालकाच्या मालकीची आहे, याविषयी शंका नसावी. ती वायरमनला द्यावयाची असेल तर संतोषाने आणि बोलून द्यावी. वस्तू आणि सेवा कराचे तर आणखी निराळे: असे मालासकट काम अठरा टक्क्यांच्या पट्ट्यात येते, आणि दर सांगताना तो धरला आहे की नाही हे न विचारल्यास शेवटच्या दिवशी रक्कम तेवढ्याने वाढते. ज्याची या करासाठी नोंदणीच नाही त्याला तो वसूल करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथवर घरमालकाच्या बाजूने पुष्कळ बोललो. आता कंत्राटदाराची जी बाजू सहसा कोणी सांगत नाही ती सांगितली पाहिजे. विजेचे काम हे कोणाही कारागिराने करावयाचे काम नव्हे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमाने असे बंधन घातले की हे काम परवानाधारक कंत्राटदारानेच, आणि पात्रतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. पुढे २००३ चा विद्युत कायदा आला, नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, तरी ते तत्त्व कायम आहे. नवीन जोडणी मागताना महावितरणकडे जो चाचणी अहवाल द्यावा लागतो त्यावर या परवानाधारकाची सही असते. म्हणजे उद्या त्या घरात दुर्घटना झाली तर जबाबदारीचा प्रश्न प्रथम त्याला विचारला जाईल. घरमालक जेव्हा हलकी वायर वापरा, आरसीसीबी नको, एकच अर्थिंग पुरे असे म्हणतो, तेव्हा तो केवळ भाव उतरवीत नसतो, दुसऱ्याच्या सहीचे मोल उतरवीत असतो. आणि जो कंत्राटदार अशा मागणीस नकार देतो त्याचा दर अधिक असणे स्वाभाविक आहे. विनापरवाना माणसाकडून स्वस्तात काम उरकून शेवटी कोणा परवानाधारकाची सही विकत आणण्याची वाट काही लोक धरतात. ती वाट धरणाऱ्याने पुढे दराबद्दल तक्रार करण्याचा नैतिक अधिकार गमावलेला असतो. परवाना खरा आहे की नाही, हे काम देण्यापूर्वी त्याची प्रत मागून आणि विद्युत निरीक्षकांच्या कचेरीत विचारून पडताळता येते.

महावितरणला द्यावयाचे पैसे आणि कंत्राटदाराला द्यावयाचे पैसे यांची सरमिसळ हाही एक नेहमीचा गोंधळ. जोडणीचे आकार आणि सुरक्षा ठेव महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मंजूर केलेल्या दरांप्रमाणे घेतली जाते आणि तिची पावती ग्राहकाच्या नावाने मिळते. शेतघर खांबापासून दूर असेल आणि जोडणीचे काम ग्राहकाने आपल्या परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावयाचे ठरले असेल, तर आयोगाने २००६ च्या आदेशात महावितरणची देखरेखीची रक्कम आयोगाने ठरविलेल्या आकाराच्या १.३ टक्के इतकी बांधून दिली होती; बाकीचा खर्च हा ग्राहक व कंत्राटदार यांच्यातील व्यवहार. ‘मीटरचे सगळे मिळून इतके’ अशी मोघम रक्कम कोणी मागितल्यास किती रक्कम पावतीची आणि किती त्याच्या मेहनतीची, हे विचारण्याचा ग्राहकास पूर्ण हक्क आहे. मेहनताना घेण्यात लाज नाही. तो पावतीच्या रकमेत लपविण्यात आहे.

कारागीर आणि काम देणारा यांच्यातील हा प्रश्न आपल्याकडे आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कारागिरांवरील नियंत्रणाचे एक प्रकरण आहे. तेथे कामाचे स्थळ, काळ आणि स्वरूप आधी निश्चित करून काम करावे असे सांगितले असून मुदत उलटल्यास एक चतुर्थांश वेतन कापावे आणि त्याच्या दुप्पट दंड करावा, मात्र आपत्तीमुळे उशीर झाल्यास सूट द्यावी, अशी तजवीज केली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकर्त्यास वेतनाच्या आकड्याआधी कामाचे स्वरूप निश्चित होणे महत्त्वाचे वाटले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आजचा कायदा या बाबतीत दोन्ही पक्षांना बऱ्यापैकी संरक्षण देतो, फक्त त्याची ओळख हवी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. तो शाबीत करणे तेवढे कठीण. त्याच कायद्याचे सत्तरावे कलम असे सांगते की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याचा मोबदला दिला पाहिजे. म्हणून ‘जादा प्लगचा दर ठरलाच नव्हता, तेव्हा पैसे नाहीत’ हा युक्तिवाद टिकत नाही. प्लग वापरात आहे, तेव्हा वाजवी मोबदला देय आहे. दुसऱ्या बाजूने, वाजवी म्हणजे कंत्राटदार म्हणेल ते नव्हे; बाजारातील चालू दर, सरकारी दरसूची, त्या जागेची अडचण या सर्वांवरून तो ठरतो. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा लावण्यास, देण्याची तारीख ठरलेली नसल्यास, काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.

घरमालकास ग्राहक म्हणून आणखी एक दार उघडे आहे. पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे बारा वर्षांनी, १९८६ साली, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, आणि त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा निकृष्ट किंवा अर्धवट वीजकामाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास त्यास शुल्क पडत नाही. हिंजवडी-मारुंजीकडील सदनिकाधारकाचा कंत्राटदाराशी थेट करार नसतो, पण रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेल्या कामातील दोषांची जबाबदारी बांधकाम व्यावसायिकावर टाकली आहे. भिंतीतील सदोष वायरिंग त्यात येते. कंत्राटदार मात्र आपल्या बिलासाठी ग्राहक आयोगाकडे जाऊ शकत नाही. त्याला दिवाणी न्यायालयाचाच मार्ग. लोकअदालत दोघांनाही खुली आहे, आणि तेथे उभयतांच्या संमतीने झालेल्या निवाड्यावर अपील नसल्याने वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात. दहा-वीस हजारांच्या वादात हाच मार्ग मला सर्वांत हितावह वाटतो.

काही गोष्टी मात्र रागाच्या भरातही करू नयेत. पैसे थकले म्हणून कंत्राटदाराने बसविलेल्या वायर कापणे किंवा डीबी काढून नेणे गैर आहे. एकदा भिंतीत बसलेले काम घराचा भाग होते आणि राहत्या घराची वीज तोडण्याने धोका उत्पन्न होतो. चाचणी अहवाल अडवून ठेवणे हे हत्यारही पुष्कळदा उगारले जाते. त्याच न्यायाने घरमालकाने ‘आणखी एवढे करा, मग हिशेब करू’ असे म्हणत काम वाढवीत नेणे हीसुद्धा अडवणूकच होय.

सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तिका नावाची वही असते. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोजून तीत नोंदवावे, असा तेथला दंडक आहे. घरमालकाने हा दंडक जसाच्या तसा उचलावा. स्लॅबचे पाइप पडल्यावर काँक्रीटच्या आधी, आणि झिरीतील पाइप बसल्यावर गिलाव्याच्या आधी, अशा दोन वेळा कंत्राटदारास सोबत घेऊन खोलीवार मोजणी करावी, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र फूटपट्टी लावून घ्यावे, आणि वहीत दोघांनी सही करावी. मधल्या फेरफारांचा संदेश त्याच दिवशी मोबाइलवर पाठवून ‘मान्य’ एवढे उत्तर घ्यावे. असे इलेक्ट्रॉनिक लेख विहित प्रमाणपत्रासह न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतात. काम पूर्ण झाल्यावर पाचशे व्होल्टचा मेगर लावून तारेच्या आवरणाचा रोध किमान एक मेगोहम येतो हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. शेवटची थोडी रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत रोखून धरावी, पण ती किती आणि कोणत्या तारखेला द्यावयाची हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. मुळशीत भिंतीतली खोट जुलैतच उघडी पडते.

आणि वाद झालाच, तर वादातील रक्कम तेवढी बाजूला काढावी आणि बाकीची ताबडतोब चुकती करावी. वर दिलेल्या हिशेबात अठ्ठेचाळीस हजारांबद्दल दोघांचे दुमत नव्हते. तंटा सोळा हजारांचा होता. तेवढ्यासाठी सगळे बिल अडवून धरले जाते तेव्हा कंत्राटदार बाहेरून उसनवारी करून निभावतो, पण ज्याने शिडीवर उभे राहून झिरी मारली आणि स्प्रिंग ओढली त्या वायरमनची आणि त्याच्या हाताखालच्या पोराची हजेरी थांबते, आणि त्या दोघांचा या तंट्याशी काडीचाही संबंध नसतो. घर बांधणाऱ्या वाचकास माझी विनंती आहे की निदान त्यांच्या मजुरीपुरती रक्कम त्या आठवड्यातच द्यावी आणि उरलेल्याचा वाद मग हवा तितका सावकाश, वही पुढे ठेवून घालावा.